लेकीहून धाकटी

शिशिर उतरला होता हिरडमाळीच्या तलावावर. पाण्याला पारव्याच्या मानेचा रंग आला होता, आणि त्या रंगावर सकाळचं केशरकांत ऊन हलक्या हातानं हळद लावत होतं. काठचे साग गळत होते. एक रुंद, तांबूस, जीर्ण पान सुटे, वाऱ्यावर रेंगाळे, मातीवर टेकताना कागदासारखं वाजे. मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा एक पान. झाडांना घाई नव्हती. म्हातारं होण्याची त्यांची रीत जुनी होती, सावकाश होती, आणि त्या रीतीत एक विसावा होता.

तलावाच्या मातीच्या पाळीवरून सुभद्रा चालली होती. डोक्यावर वाळल्या काटक्यांचा भारा, मान ताठ, पाठ ताठ, पाऊल हलकं. केस मेघश्याम, दंड घट्ट, गालांवर तुकतुकी. दुरून पाहणारा म्हणाला असता, चाळिशीची असेल. जवळून पाहणाराही तेच म्हणाला असता. फक्त तिच्या डोळ्यांशी कोणी क्षणभर थांबलं असतं, तर त्याला तिथे एक फार जुनी, न मावळणारी संध्याकाळ दिसली असती.

सुभद्रा दयाराम डोंगरवार एकोणऐंशी वर्षांची होती.

अकरा वर्षांपूर्वी ती रीतसर म्हातारी होती. कंबर वाकलेली, गुडघे कुरकुरणारे, हातांवर निळ्या शिरांची नक्षी. तिचा नवरा दयाराम त्याच साली गेला. धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, ओणवा झाला तो तिथेच आडवा झाला. चिखलाचे हात धुवायलाही उठला नाही. सुभद्रानं रडून घेतलं, आणि मग ती वाट पाहू लागली. शांतपणे, बसथांब्यावर बसल्यासारखी. आपलीही गाडी येईल, उशिरा का होईना येईल.

पण तिची लेक विशाखा नागपूरला एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका होती. त्या रुग्णालयाला लागून एक संशोधन संस्था होती, आणि तिथे वार्धक्य परतवण्याचं औषध माणसांवर तपासून पाहायचं ठरलं होतं. देहातल्या पेशी म्हाताऱ्या होतात म्हणजे काय होतं, तर आपलं तरुणपण विसरतात. हे औषध त्यांना ते आठवून देतं, असं संस्थेचे डॉक्टर निखाडे सांगत. तीस म्हातारी माणसं निवडायची होती. विशाखानं आईचं नाव दिलं, आईचा अंगठा घेतला, आईला गाडीत बसवून नेलं. सुभद्रानं विचारलंही नाही. लेक नेते आहे, तर बऱ्यासाठीच नेत असेल.

विशाखाला स्वतःला मात्र ते औषध कधीच मिळणार नव्हतं. पंचेचाळिसाव्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली होती. ती कापून टाकली होती, औषधांनी जाळून काढली होती; तरी निजलेल्याला जागं करणारं हे औषध तिच्या देहात नेमकं काय जागं करील, याचा भरवसा कोणालाच नव्हता.

मग दर माघात संस्थेची पांढरी गाडी हिरडमाळीला येऊ लागली. दर माघात एक सुई. दर माघात सुभद्रा थोडी मागे, थोडी मागे, ओसरत्या पाण्यासारखी मागे.

पहिल्या वर्षी गुडघे मुके झाले. दुसऱ्या वर्षी पाठ उभी राहिली. तिसऱ्या वर्षी भांगाच्या मुळाशी काळी रेघ उगवली, आणि शेजारणी ती रेघ बघायला दुपारी येऊन बसू लागल्या. सुरकुत्या विरल्या, कातडी ताणली, नजर निवळली. सहाव्या वर्षी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तिची पाळी परत आली. न्हाणीत ती कितीतरी वेळ भिंतीला टेकून उभी राहिली. त्या एका लाल डागाकडे पाहताना तिला हसू आलं नाही, रडू आलं नाही. फक्त वाटलं, पुन्हा? हे सगळं पुन्हा?

परतले नाहीत ते दात. एकदा गेले ते गेले. चाळिशीच्या त्या भरल्या, तांबूस ओठांमागे कवळी होती. दुपारी जेवून उठली की सुभद्रा ती काढून वाटीतल्या पाण्यात ठेवी, आणि मग ओट्यावर बसलेली ती बाई क्षणार्धात काळाच्या दोन्ही काठांवर एकदम दिसे. 

आणि परतलं नाही ते मन. मनाला कोणी सुई टोचली नव्हती. मन आपलं वयाच्या वाटेनं चालत राहिलं. सत्तर, पंच्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर. देह पहाटे टवटवीत उठे, आणि मन त्याच्या मागून पाय ओढत येई. दिवसभर धान कांडून, पाणी ओढून, भारे वाहून देह दमत नसे. आणि काहीही न करता मन दमलेलं असे. अंथरुणावर पडल्यावर ती दोघं एकमेकांकडे अनोळख्यासारखी पाहत. झोप कोणाकडे यावी, हे झोपेलाही कळत नसे.

तिच्या वयाच्या साऱ्याजणी एकेक करून गेल्या. भागरता गेली, अनुसया गेली. सुभद्रा त्यांच्या मयतीला भरभर पावलांनी जाई आणि आपल्याच पावलांची तिला लाज वाटे. शेवटी पार्बता राहिली होती, लहानपणी एका झाडाची बोरं खाल्लेली. तीही मरणाला टेकली तेव्हा सुभद्रा उशाशी बसली. पार्बतानं आपला वाळका, काटकुळा हात उचलला, सुभद्राच्या गुळगुळीत गालावरून फिरवला, आणि म्हणाली,

"सुभद्रे, तुले सोबत कोण येईल गं?"

तो प्रश्न तिच्याबरोबर घरी आला, आणि घरातच राहिला.

गेल्या कार्तिकात विशाखा नोकरी संपवून हिरडमाळीला परतली. लग्न तिनं केलं नव्हतं. चौतीस वर्षं दुसऱ्यांची दुखणी उशाशी घेऊन जागलेली बाई. पाय सुजलेले, केस कापसासारखे पांढरे, बोटांना बारीक कंप. एकोणसाठीची होती, पण त्या जुन्या आजारानं आणि त्यावरच्या उपचारांनी तिच्या देहावर दहा वर्षं आगाऊच लिहून ठेवली होती. अंगणात पाय टाकताच तिनं आईला पाहिलं. दोघी थबकल्या. मग विशाखा आईच्या पाया पडायला वाकली, आणि वाकलेली तिला उठता येईना. सुभद्रानं तिला दंडाला धरून उभं केलं.

पौषातल्या बाजाराचा तो दिवस. उन्हात अजून गारवा होता, वांग्यांच्या ढिगांवर दव होतं, गुळाच्या ढेपांभोवती मधमाश्यांची सोनेरी गुणगुण होती. सुभद्रा लेकीला बांगड्या भरायला घेऊन गेली होती. बांगडीवालीनं विशाखाचा हात हातात घेतला, हिरवी काचेची बांगडी चढवू लागली. पण तो हात थांबेना, पानावरच्या थेंबासारखा थरथरत राहिला. बांगडीवालीनं सुभद्राकडे पाहिलं.

"ताई, मायचा हात जरा धरून ठेवा. थरथरून रायला."

बाजार चालूच होता. सुभद्रानं लेकीचा हात मनगटाशी धरला. घट्ट नाही, सैल नाही, पहिल्यांदा चालायला शिकवताना धरला होता तसा. बांगडी चढली. मग दुसरी चढली. विशाखा आधी हसली, आणि मग परतीच्या वाटेवर पाळ संपेपर्यंत मायच्या एक पाऊल मागे चालली.

घरी आल्यावर ती उन्हात बसली. बांगड्या फिरवत म्हणाली, "चांगल्या हायेत."

"हिरव्याच शोभतात तुले."

"माय." विशाखा बांगड्यांकडेच पाहत होती. "ते औषध मी तुझ्यासाठी नाही आणलं. बाबा गेले, आणि मले भीती वाटली. तूही गेलीस तर माय म्हणून हाक मारायले मले कोणी राहणार नाही. मी माझ्यासाठी केलं ते. तुले विचारलंसुद्धा नाही."

सुभद्रा तांदूळ निवडत होती. बोटं थांबली नाहीत. "मले ठाऊक आहे," ती म्हणाली. आणि मग सुपातला खडा बाजूला टाकावा तितक्या सहज, "या माघात मी नाही म्हणते. पुरे झालं, बाई. फार दमली मी."

विशाखानं मान वर केली. परिचारिकेच्या आवाजात, जो आवाज वाईट बातम्या नीट घडी घालून सांगतो, ती म्हणाली, "सुई थांबवली तरी म्हातारपण धावत येणार नाही, माय. गेलेली वर्षं एकदम परत मिळत नाहीत. पुढे सगळ्यांसारखं, एका वर्षाले एकच वर्ष. तुले पुन्हा साठीची व्हायले वीस वर्षं लागतील."

"लागू दे. निघाली तर पाहिजे ना मी."

ऊन सरकलं. ओट्यावरून अंगणात, अंगणातून कुंपणावर. दोघींच्या मध्ये निवडलेल्या तांदळाची शुभ्र रास उगवत राहिली. त्या राशीपलीकडून मायनं लेकीकडे पाहिलं, आणि तिच्या मनात आलं की ती सगळी वीस वर्षं ही लेक समोर नसणार. हे तिला आधीच कळायला हवं होतं. पण मन थकलेलं होतं, आणि थकलेलं मन हिशेबाच्या शेवटच्या ओळीपर्यंत जात नाही.

माघ लागला, आणि एका सकाळी विशाखा न्हाणीतून बाहेर आली नाही.

सुभद्रानं दोनदा हाक मारली. दार लोटलं. विशाखा ओल्या दगडावर बसली होती, पाठ भिंतीला लावून, लुगड्याचा पदर अर्धा पाण्यात. डोळ्यांत पाणी होतं, पण ओरडत नव्हती. "उठता येत नाही," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "गाठ हाडात उतरली, माय. भादव्यातच समजलं होतं. म्हणून तर आली घरी."

भाद्रपद गेला, आश्विन गेला, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. पाच महिने लेकीनं दुखणं पदराआड झाकून ठेवलं होतं. दुसऱ्यांची दुखणी सांगत फिरलेल्या बाईनं स्वतःचं तेवढं सांगितलं नव्हतं.

सुभद्रा खाली बसली. एक हात लेकीच्या पाठीमागून घातला, एक गुडघ्यांखालून, आणि उभी राहिली.

ती उभी राहिली. एकोणऐंशी वर्षांची माय, एकोणसाठीची लेक हातांवर तोलून, सहज उभी राहिली. ना श्वास फुलला, ना पाय लटपटले. ओल्या केसांचं पाणी तिच्या छातीवर ओघळलं, लेकीचं डोकं तिच्या खांद्याच्या त्याच खोबणीत विसावलं जिथे ते छप्पन-सत्तावन्न वर्षांमागे विसावत असे. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा सुभद्राला आपल्या दंडांचा राग आला नाही.

पांढरी गाडी आठव्या दिवशी आली. डॉक्टर निखाडे आता पन्नाशी ओलांडलेले होते. सुभद्राला तपासताना दरवर्षी ते तिच्यासमोर थोडे अधिक म्हातारे दिसत. ते संकोचत म्हणाले, "विशाखाताईंचा निरोप आला होता. तुम्ही यंदापासून बंद करणार आहात म्हणून."

"करणार आहे." सुभद्रानं बाही वर सारली. "पण हे घेतल्यानं हातात ताकद राहील ना?"

"राहील."

"किती?"

"आज आहे तितकी."

"मग द्या. पोरीले उचलावं लागते."

डॉक्टरांनी खिडकीतून आत खाटेकडे पाहिलं, आणि त्यांची बोटं पेटीच्या झाकणावर जरा वेळ तशीच राहिली. मग त्यांनी सुई दिली. सुभद्रानं डोळे मिटले नाहीत. इतक्या वर्षांत तो थेंब तिच्यात परक्यानं शिरावं तसा शिरत आला होता. त्या दिवशी तिनं त्याला कामाला लावलं.

मग दिवस आले आणि गेले, एकाला एक चिकटलेले, एकासारखे एक. पहाटे चूल, ऊन पाणी, अंग पुसणं, पेज. सकाळी लेकीला उचलून अंगणातल्या उन्हात. ऊन तापलं की उचलून सावलीत. सावली थंडावली की उचलून आत. फाल्गुनात पळस पेटला, तेव्हा खाट दाराशी. वैशाखात वारा पेटला, तेव्हा खाट मागल्या पडवीत, ओल्या पोत्यांच्या गारव्यात. श्रावणात छपरावरून पाण्याच्या सरी लोंबल्या, तेव्हा खाटेच्या पायांखाली विटा. लेक हलकी होत गेली. आधी भाऱ्याएवढी, मग घागरीएवढी, मग सुपाएवढी. सुभद्राच्या हातांना रोज कळे, काल होती त्याहून आज किती कमी.

दुखणं चढलं की विशाखा ओठ आवळून घेई. सुभद्रा तिच्या पांढऱ्या केसांना तेल लावी, आणि दयारामच्या गोष्टी सांगे. त्यानं एकदा बैल हरवले म्हणून तीन गावं पालथी घातली आणि बैल घरीच गोठ्यात होते, ती गोष्ट. विशाखा ती गोष्ट पुन्हा पुन्हा मागे.

एकदा ती म्हणाली, "तुले दमवलं मी फार."

"अंग दमत नाही माझं."

"अंगाचं नाही बोलत मी."

सुभद्राचा तेलाचा हात केसांवर थांबला. मग पुन्हा चालू झाला. "मन दमलं तर दमलं," ती म्हणाली. "ते मायचंच आहे. दमते आणि उठते."

दुसरा माघ आला. लेकीसाठी घेतलेली दुसरी सुई झाली. त्यानंतर दीड महिन्यानं, चैत्राच्या एका सकाळी, मोहाच्या फुलांचा जड, गोड, झिंगलेला वास अंगणात भरलेला असताना, सुभद्रानं लेकीला उन्हात न्यायला उचललं. उंबऱ्यापाशी विशाखा म्हणाली, "माय." काही मागितलं नाही, पुढे काही बोलली नाही. नुसती हाक. सुभद्रा "हो बाई" म्हणाली आणि अंगणात आली. आणि अंगणात आल्यावर तिच्या हातांना कळलं की हातातलं वजन आता दुखत नाहीये. 

ती बसली नाही. लेकीला घेऊन उन्हात तशीच उभी राहिली. फुलं पडत होती, मेणचट, फिकट, मोत्यांसारखी. मातीवर, खाटेवर, दोघींच्या अंगावर. शेजारी धावत आले तेव्हाही ती उभीच होती. किती वेळ उभी होती, तिला सांगता आलं नाही. हात थकले नव्हते.

मयतीला पाहुणे आले. दयारामकडची एक लांबची नातेवाईक, दूरच्या गावाहून आलेली, सुभद्राला कधी न पाहिलेली, गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी येऊन बसली. तिच्या काळ्याभोर केसांवरून हात फिरवला.

"माय गेली की लेकरू पोरकं होते, बाई," ती म्हणाली. "पण सोसावं लागते."

आजूबाजूच्या बाया चपापल्या. कोणीतरी त्या बाईला सावध करायला पुढे झाली. सुभद्रानं डोळ्यांनीच तिला थांबवलं. "हो," ती म्हणाली, "सोसावं लागते." आणि त्या अनोळखी मांडीवर डोकं ठेवून, कितीतरी वर्षांनी, कोणाची तरी लेक होऊन ती रडली.

पुढच्या माघात गाडी आली. सुभद्रानं डॉक्टरांना चहा दिला, पोहे दिले, घरच्या धानाचे चार पायली तांदूळ बांधून दिले. बाही वर सारली नाही. डॉक्टरांनीही पेटी उघडली नाही. निघताना ते तिच्या पाया पडले. आणि गाडीतला ड्रायव्हर, त्यांच्याबरोबर पहिल्यांदाच आलेला, पन्नाशीच्या डॉक्टरांना त्या तरण्या बाईच्या पायाशी वाकलेलं पाहून तोंड फिरवून बसला.

आता एका वर्षाला एकच वर्ष. सुभद्रा कामाला जाऊ लागली, गावातल्या चाळिशीच्या बायांबरोबर, ज्यांच्या आज्यांबरोबर तिनं कधी धानाची रोवणी केली होती. त्या तिला आधी आजी म्हणत, मग काकी म्हणू लागल्या, मग नुसतंच सुभद्राबाई. एक वर्ष गेलं. दुसरं गेलं. तिसरं गेलं. देह उठे, राबे, टवटवीत परते. मन मागून येई.

चौथ्या वर्षीचं मार्गशीर्षातलं खळं. पिवळ्या तणशीचे, धानाच्या पेंढ्याचे डोंगर, उन्हाची सोनसळी तिरीप, हवेत नव्या धानाचा दुधाळ, उबदार गंध. चार दिवस कापणी, दोन दिवस मळणी झाली होती. आता बाया सुपं उंच धरून धान उपणत होत्या. दाणे सरळ खाली, कोंडा वाऱ्याबरोबर. सुभद्रानं सूप उचललं, खाली केलं, उचललं, खाली केलं. आणि मग उचलता उचलता तिच्या उजव्या खांद्यात एक कळ आली.

बारीक कळ. तिनं सूप खाली ठेवलं. खांदा चाचपला. गुडघाही जड वाटला, कंबरही. पोटऱ्यांत एक मंद, मधुर शिणवटा पाझरत होता, जमिनीतून मुळांत पाणी चढावं तसा. किती वर्षांनी. ती दोन पावलं चालली आणि तणशीच्या ढिगाला टेकून बसली.

"काय झालं, सुभद्राबाई?" एकीनं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "दमली."

तो शब्द तिनं स्वतःच ऐकला. देहही तेच म्हणत होता, मनही तेच म्हणत होतं. दोघं एका सुरात, एका दिवशी, एका ठिकाणी दमली होती. आयुष्याच्या रस्त्यावर इतकी वर्षं पुढेमागे चाललेले ते दोन वाटसरू तणशीच्या त्या उबेत शेजारी शेजारी येऊन बसले, आणि त्यांनी एकमेकांना ओळखलं. सुभद्राच्या पापण्या मिटल्या. श्वास लांब झाला, संथ झाला, खोल झाला. बायांनी आवाज हलके केले आणि त्या उपणत राहिल्या. सूप वर, सूप खाली, सूप वर, सूप खाली. दाणे जड होते, ते खाली येत राहिले. कोंडा हलका होता, तो वाऱ्यावर तरंगत राहिला, आणि निजलेल्या त्या बाईच्या काळ्याभोर केसांवर उतरत राहिला, कण कण, पांढुरका, मऊ, सावकाश.